चार जागा जिंकून मागे पडलेला पक्ष

प्रश्न : युक्रेनच्या बातम्यांत तिथल्या एका छोट्या, कडव्या राष्ट्रवादी पक्षाचे नाव सारखे येते. पण त्याचा संसदेत म्हणे एखादाच माणूस. आपल्याकडे असा पक्ष होता का? आजोबा सांगायचे, नागपूरचे डॉ. खरे आधी काँग्रेसचे मुख्यमंत्री होते आणि पुढे हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. मग महासभा म्हणजेच संघ का? गांधीहत्येनंतर बंदी आली म्हणून ती संपली, की अजून आहे? आणि आमच्या बालाघाटकडे तिचे नाव का ऐकू येत नाही?
— एक वाचक, किरनापूर

उत्तर : एका पत्रात इतके प्रश्न बसवल्याबद्दल आधी कौतुक. त्यातले अर्धे प्रश्न लोक चहाच्या टपरीवर ठामपणे सोडवून मोकळे होतात. तुम्ही निदान विचारलेत तरी.

युक्रेनचे आधी निपटून टाकू. तुम्ही ज्याबद्दल वाचले तो पक्ष बहुधा 'स्वोबोदा'. १९९१ मध्ये, सोव्हिएत संघ मोडत असताना, पश्चिमेकडच्या ल्वीव शहरात तो वेगळ्या नावाने स्थापन झाला आणि २००४ मध्ये त्याने आजचे नाव घेतले. २०१२ च्या निवडणुकीत त्याला १०.४४ टक्के मते आणि ३७ जागा मिळाल्या. तो त्याचा सर्वांत चांगला काळ. दोनच वर्षांनी त्याची मते ४.७१ टक्क्यांवर आली. तिथे तेव्हा संसदेच्या निम्म्या जागा पक्षांच्या याद्यांमधून भरत आणि त्या मिळवायला किमान ५ टक्के मते लागत. पाव-अर्धा टक्का कमी पडला आणि यादीतून एकही माणूस आत गेला नाही. थेट मतदारसंघांतून जिंकलेल्या सहा जागा तेवढ्या उरल्या. २०१९ मध्ये अनेक राष्ट्रवादी गट एकत्र येऊनही २.१५ टक्क्यांवरच अडकले. जागा आली ती एक, तीही पश्चिमेकडच्या इव्हानो-फ्रान्किव्स्क भागातून.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील. अशा पक्षाला देशाचा एखादा कोपराच हात देतो. आणि त्याचे नशीब पुष्कळदा कायद्याने आखलेल्या टक्केवारीच्या एका रेषेवर ठरते.

आता आपल्याकडे येऊ. तुमच्या वर्णनाच्या सर्वांत जवळचा पक्ष म्हणजे आजोबांनी सांगितलेली अखिल भारतीय हिंदू महासभाच. स्वोबोदा आणि महासभा यांचा इतिहास, देश, काळ सगळेच निराळे. तेव्हा दोन्ही एका तराजूत तोलू नका. मात्र छोटा पक्ष छोटा का राहतो हे समजून घ्यायला महासभेइतके बोलके उदाहरण आपल्या भागात दुसरे नाही, कारण तिची निम्मी कथा नागपूर आणि ग्वाल्हेर या दोन गावांत घडते. तुमचे किरनापूर तेव्हा नागपूरच्या कारभारातच होते.

पहिला गैरसमज असा की महासभा जन्मापासूनच काँग्रेसविरोधी पक्ष होती. तसे नव्हते. पंजाबात १९०९ मध्ये हिंदू सभा निघाली. १९१५ मध्ये हरिद्वारच्या कुंभमेळ्यात देशपातळीवरची सभा भरली आणि १९२१ मध्ये तिला हिंदू महासभा हे नाव मिळाले. त्या काळात ती निवडणूक लढवणारा पक्ष नव्हती. हिंदूंच्या वतीने सरकारवर आणि काँग्रेसवरही दबाव आणणारी सभा होती. पंडित मदनमोहन मालवीय आणि लाला लजपतराय दोन्हीकडे वावरत आणि त्यात कुणाला वावगे वाटत नसे. काँग्रेसने महासभा आणि मुस्लिम लीग या दोन्ही संस्था जातीय ठरवून त्यांच्या सभासदांना आपल्या पदांची दारे बंद केली ती १९३८ च्या अखेरीस.

नागपुरात महासभा म्हणजे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे. जन्म बिलासपूरचा, व्यवसायाने डोळ्यांचे डॉक्टर, राजकारणात लोकमान्य टिळकांच्या पंथाचे. १९२७ पासून दहा वर्षे त्यांनी महासभेचे नेतृत्व केले. गोलमेज परिषदेला विलायतेस गेले आणि परतीच्या वाटेवर मार्च १९३१ मध्ये इटलीत मुसोलिनीला भेटून आले. तिथल्या तरुणांचे लष्करी शिक्षण त्यांना फार भावले. पुढे १९३७ मध्ये नाशिकला त्यांनी भोसला मिलिटरी स्कूल काढले. हे सगळे लपूनछपून झाले नाही. मुंजे रोजनिशी लिहीत आणि इटलीतली भेट त्यांनी तिच्यात नोंदवून ठेवली आहे.

आता तुमचा मोठा प्रश्न : महासभा म्हणजेच संघ का? याच मुंजे यांच्या हाताखाली तयार झालेले डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनी १९२५ च्या दसऱ्याला नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ सुरू केला. हेडगेवार काही काळ महासभेचे पदाधिकारीही होते. घरे ओळखीची, माणसे ओळखीची, विचारही बराचसा सारखा. म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. प्रत्यक्षात वाडा एक, चुली दोन. हेडगेवारांनी संघाला निवडणुकीच्या राजकारणापासून जाणूनबुजून दूर ठेवले. हैदराबादच्या निजामाविरुद्ध १९३८-३९ मध्ये महासभा आणि आर्यसमाजाने सत्याग्रह केला, महाराष्ट्रातून माणसे तुरुंगात गेली. त्यात स्वयंसेवक वैयक्तिकरीत्या गेले, पण संघ म्हणून संघ उतरला नाही. महासभेला हे झोंबले. तिच्याकडे व्यासपीठ होते, वक्ते होते, ठराव होते. मात्र गल्लीबोळात रोज संध्याकाळी जमणारी तरुण पोरे संघाच्या शाखेत होती. महासभा लहान का राहिली याचे माझ्या मते सर्वांत मोठे कारण हेच. तिच्या विचाराचा कार्यकर्ता तिच्याकडे यायच्या आधीच दुसऱ्या दारात गेलेला असे.

महासभेचा खराखुरा पक्ष झाला तो सावरकरांमुळे. १९३७ मध्ये रत्नागिरीच्या स्थानबद्धतेतून सुटल्यावर त्याच वर्षी अहमदाबादच्या अधिवेशनात ते अध्यक्ष झाले. पुढच्या वर्षीचे अधिवेशन नागपुरात भरले, तेही त्यांच्याच अध्यक्षतेखाली. हिंदुत्वाची मांडणी त्यांनी १९२३ च्या पुस्तकात आधीच केलेली होती. आता तिला निवडणुकीच्या पक्षाचे रूप आले. काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी १९३९ मध्ये राजीनामे दिले, १९४२ च्या 'छोडो भारत' आंदोलनात काँग्रेसचे नेते तुरुंगात गेले. महासभेने त्या आंदोलनात भाग घेतला नाही आणि रिकाम्या झालेल्या जागेत शिरण्याचा प्रयत्न केला. सिंधमध्ये तिचे मंत्री चक्क मुस्लिम लीगच्या नेतृत्वाखालच्या मंत्रिमंडळात बसले. बंगालमध्ये डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी फजलुल हक यांच्या सरकारात अर्थमंत्री होते. इथे एक बारकावा वाद घालणारे विसरतात : हक तेव्हा लीगमधून बाहेर पडलेले होते. सिंधचे उदाहरण मात्र सरळ युतीचेच आहे, आणि दोन्ही बाजूंच्या सोयीच्या इतिहासात ते बसत नाही.

खुर्च्या मिळाल्या, तरी मते मिळाली नाहीत. १९४५-४६ च्या निवडणुकांत मध्यवर्ती विधिमंडळात महासभेला एकही जागा आली नाही. बिगरमुस्लिम मतदारसंघांत काँग्रेसला ९१ टक्क्यांहून अधिक मते पडली. म्हणजे गांधीहत्येच्या दोन वर्षे आधीच, तेही मतदानाचा हक्क मोजक्या लोकांना असताना, हिंदू मतदाराने महासभेला नाकारले होते. '१९४८ नंतर ती संपली' म्हणणाऱ्यांनी हा निकाल आधी पाहावा.

आता आजोबांचे डॉ. खरे. ही गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण तिच्यात तुमच्या प्रांताचे जुने दुखणे आहे.

डॉ. नारायण भास्कर खरे मूळचे पनवेलचे, शिक्षण जबलपूरकडे, वैद्यकी नागपुरात. ते पक्के काँग्रेसवाले. जुलै १९३७ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि खरे त्याचे प्रमुख झाले. (आजोबांनी 'मुख्यमंत्री' म्हटले ते आजच्या हिशेबाने बरोबर, तेव्हा प्रांताच्या प्रमुखालाही पंतप्रधान म्हणत.) हा प्रांत दोन भाषांचा. मंत्रिमंडळात एका बाजूला नागपूर-वऱ्हाडचे मराठी मंत्री, दुसऱ्या बाजूला महाकोशलचे हिंदी मंत्री : रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता. वर्षभर धुसफूस चालली. मे १९३८ मध्ये पचमढीला समेट झाला, पण तो टिकला नाही.

जुलै १९३८ मध्ये खऱ्यांनी एक धाडसी चाल खेळली. त्यांनी आणि दोन वऱ्हाडी मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि महाकोशलच्या तिघांनाही राजीनामे द्यायला सांगितले. तिघांनी वरिष्ठांना विचारल्याशिवाय देणार नाही असे उत्तर दिले. तेव्हा गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी त्या तिघांना बडतर्फ केले आणि खऱ्यांनी नवे मंत्रिमंडळ बनवले. काँग्रेसच्या दृष्टीने हा मोठा गुन्हा होता : घरातले भांडण इंग्रज गव्हर्नरच्या हातून सोडवून घेतले! वर्ध्याला कार्यकारिणी बसली. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस, पण सूत्रे वल्लभभाई पटेल आणि संसदीय मंडळाकडे. खऱ्यांना काही दिवसांत पायउतार व्हावे लागले आणि शुक्ल प्रमुख झाले. शिस्तीच्या मुद्द्यावर काँग्रेस बरोबर होती असे मला वाटते. पण एका मराठी नेत्याला वर्ध्यात बोलावून घालवले, ही सल नागपुरात पुष्कळ काळ राहिली. स्वतः खऱ्यांनी तर गांधीजींवरचा राग पुढे कधीच सोडला नाही.

या रागाने त्यांना टप्प्याटप्प्याने उजवीकडे नेले. १९४३ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. एप्रिल १९४७ मध्ये अलवर संस्थानचे पंतप्रधान झाले. त्याच वर्षी फाळणीच्या काळात अलवरमध्ये मेव मुसलमानांवर फार मोठा हिंसाचार झाला. गांधीहत्येनंतर केंद्र सरकारने अलवरचा कारभार हातात घेतला आणि खऱ्यांना दिल्लीत थांबवून ठेवले. चौकशीत त्यांचा हत्येच्या कटाशी संबंध आढळला नाही. १९४९ च्या १५ ऑगस्टला ते महासभेत दाखल झाले आणि त्याच वर्षी तिचे अध्यक्षही झाले. आजोबांची आठवण बरोबरच आहे, फक्त 'आधी' आणि 'पुढे' यांच्यामध्ये अकरा वर्षांचा रस्ता आहे.

बंदीबद्दल. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे महासभेचे कार्यकर्ते होते, पुण्यातून त्यांचे वर्तमानपत्र निघत होते. ४ फेब्रुवारीला सरकारने बंदी घातली ती राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर. ती जुलै १९४९ मध्ये उठली. महासभेवर तशी देशव्यापी बंदी आली नाही. तिचे अनेक पुढारी अटकेत गेले आणि फेब्रुवारीच्या मध्यावर तिने स्वतःच राजकीय काम थांबवल्याचे जाहीर केले. सावरकर कटाच्या खटल्यात आरोपी होते, फेब्रुवारी १९४९ मध्ये निर्दोष सुटले. गोडसे आणि आपटे यांना १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्याच्या तुरुंगात फाशी झाली.

कायद्याने महासभा मोडली नाही, पण महाराष्ट्रात तिचा आधारच खचला. हत्येनंतर कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे आणि नागपुरातही ब्राह्मणांची घरे जळाली. निरपराध माणसांनी त्यात सोसले. महासभेचा शहरी, सुशिक्षित, बव्हंशी ब्राह्मण असलेला वर्ग यानंतर एकतर राजकारणातून मागे सरला किंवा तिच्या नावाशी संबंध दाखवायला कचरू लागला.

दुसरा घाव आतून बसला. श्यामाप्रसाद मुखर्जी म्हणाले, महासभेने बिगरहिंदूंनाही सभासदत्व द्यावे, नाहीतर राजकारण सोडून केवळ सामाजिक-सांस्कृतिक काम करावे. महासभेने दोन्ही नाकारले. मुखर्जी बाहेर पडले आणि २१ ऑक्टोबर १९५१ ला दिल्लीत भारतीय जनसंघ स्थापन झाला. त्याच्यामागे संघाने आपले कार्यकर्ते उभे केले. महासभेला जे कधीच मिळाले नव्हते ते नव्या पक्षाला पहिल्याच दिवशी मिळाले.

आता या कथेतले सर्वांत गमतीचे कोडे. १९५१-५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत महासभेने 'घोडेस्वार' या चिन्हावर ४ जागा जिंकल्या आणि जनसंघाने 'दिवा' या चिन्हावर ३. तरीही निवडणुकीनंतर जनसंघ राष्ट्रीय पक्ष राहिला आणि महासभेची राष्ट्रीय मान्यता गेली. चारवाला हरला, तीनवाला टिकला. हे कसे?

उत्तर मतांच्या हिशेबात आहे. जनसंघाने ९४ जागा लढवल्या आणि देशभरातली ३.०६ टक्के मते मिळवली. महासभेने ३१ जागा लढवल्या, मते ०.९५ टक्के. राष्ट्रीय मान्यतेसाठी ३ टक्के मतांची अट लावण्यात आली. जनसंघ ती रेषा जेमतेम ओलांडून गेला, महासभा तिच्या आसपासही नव्हती. निवडणुकीपूर्वी १४ पक्षांना राष्ट्रीय मानले होते. त्यानंतर उरले चार : काँग्रेस, प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट आणि जनसंघ. मान्यता गेली म्हणजे देशभर एकच राखीव चिन्ह मिळण्याची हमी गेली. अक्षरओळख नसलेल्या मतदारांच्या देशात चिन्ह गमावणे म्हणजे काय, ते तुमच्या गावात ज्यांनी जुन्या मतपेट्या पाहिल्या आहेत त्यांना विचारा. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर चिन्ह डकवलेले असे. मतदार चित्र पाहून पेटी निवडत होता.

मग इतक्या कमी मतांत ४ जागा कशा? कारण ही मते विखुरलेली नव्हती. चारपैकी दोन जागा एकाच माणसाच्या : विष्णु घनश्याम देशपांडे गुना आणि ग्वाल्हेर अशा दोन्हीकडून निवडून आले. उरलेल्या दोन हुगळीत निर्मलचंद्र चॅटर्जी आणि गोंडा भागात शकुंतला नायर यांच्या. देशपांड्यांनी गुना ठेवले, ग्वाल्हेर सोडले, आणि तिथल्या पोटनिवडणुकीत निवडून गेले ते आपले डॉ. खरे. नागपूरने त्या वेळी काँग्रेसच्या अनसूयाबाई काळे यांना लोकसभेत पाठवले होते. नागपूरच्या माजी पंतप्रधानांना संसदेत जायला ग्वाल्हेर गाठावे लागले.

ग्वाल्हेरच का? तिथे शिंद्यांच्या संस्थानामुळे मराठी सरदार-नोकरशाहीचा जुना वर्ग होता आणि दरबाराची सहानुभूती महासभेला होती. विधानसभेतही हेच दिसले. १९५२ मध्ये मध्यभारताच्या ९९ जागांत महासभेला ११, जनसंघाला ४. हाच तो कोपरा, जो मी तुम्हाला युक्रेनच्या निमित्ताने लक्षात ठेवायला सांगितला होता. तिथे ल्वीव-इव्हानो-फ्रान्किव्स्कचा पश्चिम भाग, म्हणजे गॅलिशिया, इथे ग्वाल्हेर.

अशा कोपऱ्याची एक अडचण असते : तो पक्षाचा नसतो, आश्रयदात्याचा असतो. ग्वाल्हेरचे राजघराणे महासभेकडे झुकलेले पाहून दिल्लीत अस्वस्थता होती. बोलणी झाली आणि १९५७ मध्ये राजमाता विजयाराजे शिंदे स्वतः काँग्रेसच्या तिकिटावर गुन्यातून उभ्या राहिल्या. समोर तेच देशपांडे. ते पडले. त्या वर्षी लोकसभेत महासभेची एकच जागा आली. नव्या मध्यप्रदेशच्या विधानसभेत महासभेला ७ जागा आणि जनसंघाला १०. पाच वर्षांपूर्वीचा क्रम उलटा झाला. राजमाता १९६७ पर्यंत काँग्रेसमधून बाहेर पडल्या, पण महासभेकडे परतल्या नाहीत. त्या जनसंघाच्या बाजूला गेल्या. आश्रयही त्या दुसऱ्या दारात गेला.

१९६२ मध्ये पुन्हा एक जागा. मग बराच काळ काहीच नाही. आज महासभा आहे का? आहे. दिल्लीत मंदिर मार्गावर तिचे भवन आहे, तिच्या नावावर हक्क सांगणारे एकाहून अधिक गट आहेत आणि अयोध्येच्या खटल्यात ती एक पक्षकारही होती. आपल्या कायद्यात पक्ष नोंदवणे सोपे आणि नोंद रद्द होणे अवघड. जागा शून्य झाल्या म्हणून पक्ष कागदावरून जात नाही. निवडणूक आयोगाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये वर्षानुवर्षे एकही निवडणूक न लढवलेल्या ३३४ पक्षांची नावे यादीतून काढली, यावरून अशा निद्रिस्त पक्षांची गर्दी किती होती ते कळेल. महासभेचे नाव आता वर्तमानपत्रात येते ते बहुतेक गोडसेच्या उदात्तीकरणामुळे. २०१७ मध्ये ग्वाल्हेरच्या कार्यालयात गोडसेचा पुतळा बसवला होता, प्रशासनाने तो जप्त केला. ज्या शहराने एकेकाळी खासदार दिले तिथे पक्षाकडे बातमी होण्यापुरता एक पुतळा उरावा, याची त्या पक्षालाच खंत वाटायला हवी.

पण 'पक्ष संपला म्हणजे विचार संपला' हा उलटा गैरसमजही करून घेऊ नका. महासभेचा मतदार, आश्रयदाते आणि पुष्कळसे मुद्दे जनसंघाकडे आणि पुढे भारतीय जनता पक्षाकडे गेले. फरक असा की जनसंघाने सभासदत्व सर्व धर्मीयांना खुले ठेवले, शेतकरी, व्यापारी आणि निर्वासितांचे प्रश्न उचलले आणि त्याला शाखांचे जाळे मिळाले. महासभेने यांतले काहीच केले नाही.

राहिला बालाघाट. पहिल्या निवडणुकीच्या वेळी तुमच्याकडे घरोघर चर्चा कशाची होती? मालगुजारीची, म्हणजे तिथल्या जमीनदारीची. मध्यप्रदेशात मालगुजारी रद्द करणारा कायदा १९५० मध्ये झाला आणि मार्च १९५१ अखेर तो लागू झाला. जमीन कुणाच्या नावावर चढणार, जंगलातला जुना हक्क राहणार की जाणार, हे पोवार, लोधी, गोंड अशा सगळ्यांच्या पोटाचे प्रश्न. महासभा तेव्हा हिंदू कोड बिलाविरुद्ध आणि फाळणीविरुद्ध बोलत होती. तिचे पुढारी वकील, डॉक्टर, संस्थानिकांचे कारभारी. धानाच्या बांधावरच्या माणसाशी बोलायला तिच्याकडे भाषा नव्हती. शिवाय नागपूरच्या पट्ट्यात ब्राह्मणेतर चळवळ आणि डॉ. आंबेडकरांची चळवळ जोरात होती. 'सगळे हिंदू एक' हे वाक्य तिथे निम्म्या लोकांच्या कानाला खोटे वाटत होते. सावरकरांनी रत्नागिरीत अस्पृश्यतेविरुद्ध खरोखर काम केले, १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उभे राहिले. पण त्यांच्याच पक्षातल्या सनातन्यांना ते पचले नाही.

बालाघाटला छोट्या पक्षांचे वावडे आहे, असे मात्र कुणी म्हणू नये. १९६२ मध्ये तुम्ही प्रजासमाजवादी पक्षाचे भोलाराम पारधी लोकसभेत पाठवले. १९७७ च्या जनता लाटेत रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाचे कचरुलाल जैन. १९८९ मध्ये तर कोणत्याच पक्षाचे नसलेले कंकर मुंजारे निवडून गेले. योगायोग असा की त्याच १९८९ च्या निवडणुकीत हिंदू महासभेलाही लोकसभेत एक जागा मिळाली : गोरखपूरला, महंत अवेद्यनाथ. ती महासभेची होती असे तिच्या पदाधिकाऱ्यांना वाटले असेल. १९९१ मध्ये अवेद्यनाथ भारतीय जनता पक्षाकडून उभे राहिले. मतदारसंघ तोच, मठ तोच, आणि निवडूनही तेच आले.